पन्नास टक्के कशाचे?

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं की घरात एकच प्रश्न फिरू लागतो: यावरचं सगळ्यात चांगलं औषध कोणतं? आजार झालेली व्यक्ती बहुधा वीस ते चाळीस वयातली असते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दुपटी-तिपटीनं जास्त होतो, म्हणून अनेकदा ती कुणाची तरी मुलगी, सून किंवा नुकतीच नोकरीला लागलेली बहीण असते. महिन्यापूर्वी तिला एका डोळ्यानं धूसर दिसू लागलेलं असतं, किंवा कमरेखाली बधिरपणा आलेला असतो. घरातलं कुणीतरी रात्रभर मोबाइलवर शोधतं आणि सकाळी न्यूरॉलॉजिस्टसमोर वीसेक औषधांची यादी ठेवतं.

१९९३ पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण आजाराची वाटचाल बदलणारं एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या इंजेक्शनला परवानगी मिळाली. मागणी इतकी आणि साठा इतका कमी, की ते आधी कुणाला द्यायचं हे कंपनीला सोडत काढून ठरवावं लागलं. आज सोडतीची गरज नाही, निवडीची आहे. आणि निवड करायची तर औषधांच्या नावांआधी आकडे वाचता यायला हवेत. या प्रकरणाचा बराचसा भाग त्यासाठीच खर्च केला आहे.

१. आधी आजार तोच आहे ना?

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्याच्यामुळे संदेश वेगानं आणि न गळता पुढे जातात. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला चढवते. हल्ला झाला तिथं व्रण उरतो आणि एमआरआयवर तो पांढऱ्या डागासारखा दिसतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्ताँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं.

सुमारे ८५ टक्के लोकांमध्ये आजाराची सुरुवात अटॅकच्या रूपात होते. डॉक्टर त्याला रिलॅप्स म्हणतात: काही दिवसांत त्रास वाढतो, काही आठवड्यांत पूर्ण किंवा अर्धवट ओसरतो, मग मध्ये शांत काळ. उरलेल्यांमध्ये अटॅक न येता पहिल्यापासूनच आजार हळूहळू वाढत जातो. बहुतेक औषधं पहिल्या प्रकारासाठी आहेत. आपला प्रकार कोणता हे माहीत नसेल तर पुढचं सगळं वाचन व्यर्थ आहे.

भारतात आणखी एक खबरदारी लागते. एमएस मुळात उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत जास्त आढळणारा आजार. आपल्याकडे तो तुलनेनं कमी. (मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की पारशी समाज याला अपवाद आहे.) पण त्याच्यासारखाच दिसणारा एनएमओ नावाचा आजार आशियात तुलनेनं जास्त सापडतो. त्यातही डोळ्याची नस सुजते, मज्जारज्जूला सूज येते. पूर्वी अनेक ठिकाणी त्याला एमएसचाच एक प्रकार समजत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याची ओळख पटवणारी रक्तातली अँटिबॉडी शोधली आणि हे दोन वेगळे आजार आहेत हे पक्कं झालं. हा फरक पुस्तकी नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओ असलेल्याला दिली तर आजार बळावू शकतो. म्हणून दोन्ही डोळ्यांना एकदम त्रास झाला असेल किंवा मज्जारज्जूतली सूज लांबवर पसरलेली असेल, तर औषधाच्या चर्चेआधी ही रक्ततपासणी झाली का, हे विचारायलाच हवं. टीबी आणि बी-१२ ची कमतरताही कधीकधी एमएसचं सोंग घेतात.

२. औषध काय करतं, काय करत नाही

अटॅक आल्यावर सलाइनमधून तीन ते पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. त्यानं सूज लवकर उतरते, माणूस लवकर सावरतो. पण पुढचा अटॅक टळत नाही, आणि वर्षभरानंतर पाहिलं तर स्टिरॉइड घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फारसा फरक उरत नाही. पायांची ताठरता, थकवा, लघवीची घाई यांसाठी वेगळी औषधं असतात. ती त्या त्या त्रासापुरती.

आपण ज्यांची तुलना करतोय ती तिसऱ्या जातीची: पुढचे अटॅक आणि पुढचं अपंगत्व कमी करणारी. ती झालेलं नुकसान भरून काढत नाहीत. सहा महिने गोळी घेऊनही पाय जडच आहे, म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं अनेकांना वाटतं आणि ते बंद करतात. ही समजूत घातक आहे. या औषधाचं यश म्हणजे काही न घडणं, आणि जे घडलंच नाही ते रुग्णाला दिसणार कसं? म्हणून ते मोजायला शेकडो माणसांवरच्या चाचण्या लागतात, ज्यात निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात. त्या साध्या गोळीला प्लासिबो म्हणतात.

३. निम्म्यावर आलं, म्हणजे किती?

दिवाळीच्या आधी कापडदुकानावर ‘५० टक्के सूट’ अशी पाटी लागते. आपण आत शिरतो आणि पहिली गोष्ट काय पाहतो? मूळ किंमत. दोनशेच्या रुमालावर निम्मी सूट आणि दहा हजारांच्या पैठणीवर निम्मी सूट यांतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. औषधाची टक्केवारी ऐकताना मात्र मूळ किंमत विचारायचं आपण विसरतो.

डायमिथिल फ्युमरेट या गोळीचं उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मोठ्या चाचणीत प्लासिबो घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.३६ अटॅक आले, औषध घेणाऱ्यांना ०.१७. म्हणजे ‘अटॅक निम्म्याहून कमी’. वाक्य खरं आहे. आता ते उलगडू. वर्षाला ०.३६ म्हणजे सरासरी पावणेतीन वर्षांत एक अटॅक, ०.१७ म्हणजे जवळपास सहा वर्षांत एक. हेच माणसांत मोजलं तर असं: दोन वर्षांत प्लासिबो घेणाऱ्या शंभरातल्या ४६ जणांना निदान एक अटॅक आला, औषध घेणाऱ्या शंभरातल्या २७ जणांना. फरक १९ माणसांचा.

या आकड्यांत दोन गोष्टी लपलेल्या आहेत. साधी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ५४ जणांना दोन वर्षांत काहीच झालं नाही. तेव्हा शेजारची अमुक बाई कसलातरी काढा पिऊन दोन वर्षं ठणठणीत आहे, यावरून काढ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. आणि औषध घेणाऱ्यांतल्या २७ जणांना तरीही अटॅक आला. त्यांनी काही चुकवलं होतं असं नव्हे.

अटॅकपेक्षा महत्त्वाचं ते कायमचं अपंगत्व. तिथं आकडे आणखी आखडतात. टेरिफ्लुनोमाइडच्या चाचणीत सुमारे दोन वर्षांत प्लासिबो गटातल्या २७ टक्के लोकांचं अपंगत्व टिकाऊ स्वरूपात वाढलं, औषध गटात २० टक्क्यांचं. फरक शंभरात ७, म्हणजे साधारण चौदा जणांनी दोन वर्षं औषध घेतलं तर त्यातल्या एकाचं अपंगत्व टळतं. नॅटॅलिझुमॅबच्या चाचणीत हेच आकडे २९ आणि १७ होते: फरक १२, म्हणजे आठ-नऊ जणांमागे एक. अटॅकशिवाय वाढणाऱ्या प्रकारासाठी पहिलं मान्यताप्राप्त औषध, ऑक्रेलिझुमॅब, २०१७ मध्ये आलं तेव्हा ‘धोका २४ टक्क्यांनी कमी’ अशी बातमी झाली. प्रत्यक्षात ३९ चे ३३ झाले होते. जिथं आधी काहीच नव्हतं तिथं हेही मोलाचं, पण ‘इलाज सापडला’ असं म्हणण्याजोगं नक्कीच नाही.

४. दोन चाचण्यांची बेरीज-वजाबाकी करू नये

मोबाइलवरची यादी इथं हमखास फसते. प्रत्येक औषधासमोर अटॅकचा वार्षिक आकडा लिहायचा आणि सगळ्यात लहान आकड्याला पहिला नंबर द्यायचा, ही पद्धत वरवर शहाणपणाची वाटते.

१९९३ च्या इंटरफेरॉन चाचणीत प्लासिबो गटात वर्षाला १.२७ अटॅक होते आणि औषध गटात ०.८४. फिंगोलिमॉडच्या २०१० च्या चाचणीत प्लासिबो गटात ०.४० आणि औषध गटात ०.१८. हे चार आकडे शेजारी ठेवा. २०१० मध्ये निव्वळ साधी गोळी घेणाऱ्यांना १९९३ मध्ये खरं औषध टोचून घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी अटॅक आले! साध्या गोळीत गुण आला नव्हता. मधल्या काळात एमआरआय सगळीकडे पोचला, निदान लवकर होऊ लागलं, सौम्य आजाराची माणसंही चाचण्यांत आली. मूळ किंमतच बदलली होती.

म्हणून दोन औषधांत उजवं कोण हे ठरवायला ती दोन्ही एकाच चाचणीत, समोरासमोर हवीत. अशा चाचण्या थोड्या आहेत, पण आहेत. फिंगोलिमॉड इंटरफेरॉनपेक्षा सरस ठरलं (वर्षाला ०.१६ विरुद्ध ०.३३). ऑक्रेलिझुमॅबही इंटरफेरॉनपेक्षा सरस ठरलं (०.१६ विरुद्ध ०.२९). ऑफाटुमुमॅबनं टेरिफ्लुनोमाइडच्या तुलनेत अटॅक निम्म्यावर आणले. यांतून ढोबळ उतरंड मिळते. इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर आणि टेरिफ्लुनोमाइड खालच्या पायरीवर. डायमिथिल फ्युमरेट आणि फिंगोलिमॉड मधल्या. नॅटॅलिझुमॅब आणि बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी कमी करणारी औषधं (रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब, ऑफाटुमुमॅब) वरच्या. शेजारच्या पायऱ्यांवरच्या औषधांत नेमका किती फरक, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

५. औषधांची तोंडओळख

ही औषधं आली कुठून याच्या कथा मजेशीर आहेत. इस्राएलच्या वाइझमान संस्थेत मायकल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांनी मायलिनमधल्या एका प्रथिनाची कृत्रिम नक्कल बनवली. हेतू असा, की तिच्यामुळे प्राण्यांमध्ये आजार निर्माण करून त्याचा अभ्यास करावा. झालं उलटंच: ते द्रव्य आजार रोखू लागलं. तेच आजचं ग्लॅटिरामर. टोचल्या जागी लाली, गाठ, खाज एवढाच बहुधा त्याचा त्रास. इंटरफेरॉननं त्या रात्री ताप, अंगदुखी येते. दोन्हींचा अनुभव तीस वर्षांच्या आसपासचा आहे, आणि कमी जोराच्या या औषधांची हीच मोठी जमेची बाजू.

फिंगोलिमॉड हे एमएसवरचं पहिलं तोंडी औषध. क्योतो विद्यापीठातले तेत्सुरो फुजिता कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीचा अभ्यास करत होते, त्यातून त्याचा शोध लागला. निसर्गातून आलेलं म्हणजे सौम्य असं समजणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा: पहिल्या गोळीनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात म्हणून सहा तास देखरेखीखाली बसवतात, डोळ्याच्या पडद्याला सूज येत नाही ना हे तपासतात, आणि कांजिण्या पूर्वी झालेल्या नसतील तर आधी लस देतात. हे औषध लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींतच अडकवून ठेवतं, त्या मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. डायमिथिल फ्युमरेटनं सुरुवातीला चेहरा लाल होतो, पोट बिघडतं. जेवणासोबत घेतलं तर कमी. बी-पेशींवरची औषधं सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून दिली जातात (ऑफाटुमुमॅब महिन्याला एक इंजेक्शन). वर्षानुवर्षं घेतल्यावर संसर्गांचा धोका वाढतो आणि लशींचा परिणाम कमी होतो, म्हणून लशी आधी उरकून घ्यायच्या.

६. हजारात अकरा

नॅटॅलिझुमॅबला अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि तीन महिन्यांत ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. काही रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा संसर्ग झाला होता. जेसी नावाचा विषाणू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात निरुपद्रवी पडून असतो. हे औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही, आणि पहारा उठला की तो कधीकधी मेंदूत माजतो. पीएमएल झालेल्या साधारण पाच रुग्णांतला एक दगावतो, वाचलेल्यांतले अनेक कायमचे अपंग होतात. तरीही २००६ मध्ये औषध परत आलं, आणि त्याच्या परतीसाठी रुग्णांनीच आग्रह धरला होता.

हा आग्रह वेडेपणाचा होता का? पुढे आकडे मिळाले. रक्तात जेसी विषाणूची अँटिबॉडी नसेल तर पीएमएलचा धोका दहा हजारात एकापेक्षाही कमी. अँटिबॉडी आहे, पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली आहेत आणि हे औषध दोन वर्षांहून जास्त झालं आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर हजारात सुमारे अकरा. औषध एकच, पण धोका माणसागणिक शंभरपटीहून अधिक बदलतो.

आता तोलून पाहा. एका पारड्यात शंभरातल्या बारा जणांचं टळणारं अपंगत्व. दुसऱ्यात, अँटिबॉडी नसेल तर दहा हजारातला एक. वारंवार अटॅक येणारी, अँटिबॉडी नसलेली मुलगी हे औषध नाकारत असेल तर ती आकड्याला नव्हे, ‘मेंदूचा संसर्ग’ या शब्दांना घाबरते आहे. पण तिन्ही गोष्टी जुळणाऱ्या माणसाला, आणि दुसरं जोरकस औषध हाताशी असताना, मी तरी हा धोका पत्करायला सांगणार नाही. अँटिबॉडी नंतरही येऊ शकते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी रक्त तपासत राहावं लागतं.

७. यादीतून आपलं औषध

इथून पुढे प्रश्न औषधांचा कमी आणि आयुष्याचा जास्त. मूल हवं आहे का, आणि कधी? टेरिफ्लुनोमाइड गर्भाला अपायकारक ठरू शकतं आणि थांबवल्यावरही दोन वर्षांपर्यंत शरीरात रेंगाळू शकतं. लवकर बाहेर काढायला कोलेस्टिरामिन किंवा औषधी कोळशाचा अकरा दिवसांचा कोर्स करावा लागतो. फिंगोलिमॉड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवतात. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉनबाबत अनुभव दिलासा देणारा आहे. युरोपातल्या १९९८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅकचं वार्षिक प्रमाण ०.७ वरून ०.२ वर उतरतं, पण बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत १.२ वर चढतं. आपल्याकडे लग्न ठरत असलेल्या मुलीचा आजार लपवण्याकडे घरच्यांचा कल असतो. तो त्यांचा प्रश्न. पण लग्न ठरतंय हे निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नये. औषधाची निवड त्यावर अडलेली असते.

टीबीचे जंतू भारतात असंख्य लोकांच्या शरीरात झोपलेले असतात. प्रतिकारशक्ती दाबली की ते जागे होऊ शकतात, म्हणून बहुतेक जोरकस औषधांआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात. हिपॅटायटिस बी चंही तसंच, विशेषतः बी-पेशींवरच्या औषधांआधी. परदेशातल्या माहितीपत्रकात ही बाब एका ओळीत संपते. आपल्याकडे ती पहिल्या पानावर हवी.

आणि पैसा. टेरिफ्लुनोमाइड, डायमिथिल फ्युमरेट, फिंगोलिमॉड यांच्या भारतीय जेनेरिक गोळ्या मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त. पण खरा पालट केला तो रिटुक्सिमॅबनं. हे मूळचं लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं औषध. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं २००७ मध्ये त्याची स्वस्त प्रतिकृती भारतात आणली. एमएससाठी त्याला औपचारिक मान्यता नाही, कारण जुनं पेटंट संपत आलेल्या औषधासाठी महागड्या चाचण्या करण्यात कुठल्याच कंपनीचा फायदा नव्हता. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ते काम स्वतःच केलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दोनशे रुग्णांच्या समोरासमोरच्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या ३ टक्के लोकांना अटॅक आला, डायमिथिल फ्युमरेट घेणाऱ्या १६ टक्क्यांना. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच औषधं घातली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब. ‘लेबलवर एमएस लिहिलेलं नाही’ म्हणून रिटुक्सिमॅब नाकारणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं व्हावं. विम्याच्या कंपन्यांना ते पुरत नाही, हे मात्र खरं. म्हणून डॉक्टरांकडून कारण लेखी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो.

सौम्य औषधानं सुरुवात करून गरज पडेल तसं चढत जायचं, की पहिल्यापासून जोरकस औषध द्यायचं? जुनी पद्धत पहिली. पण पहिल्या काही वर्षांत झालेलं नुकसान परत मिळत नाही, म्हणून पारडं हल्ली दुसरीकडे झुकतंय. मला स्वतःला असं वाटतं, की निदानाच्या वेळीच मज्जारज्जूत डाग असतील किंवा पहिल्या वर्षात दोन अटॅक आले असतील, तर पायरीपायरीनं चढण्यात वेळ घालवू नये.

८. बदलायचं कधी, थांबायचं कधी

औषध पूर्ण लागू व्हायला काही महिने जातात. म्हणून सहा महिन्यांच्या आसपास एक एमआरआय करून त्याला आधार मानतात आणि पुढच्या डागांची तुलना त्याच्याशी करतात. औषध नियमित घेऊनही नवा अटॅक आला किंवा नवे डाग दिसले तर बदलाची चर्चा सुरू करायची. नुसता थकवा वाढला किंवा उन्हाळ्यात जुना त्रास वर आला, तर ते औषधाचं अपयश नाही. अंग तापल्यावर जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतातच.

जन्मभर घ्यायचं का, हा शेवटचा प्रश्न. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५ वर्षांवरची, पाच वर्षांत अटॅक न आलेली आणि तीन वर्षांत नवा डाग न दिसलेली माणसं घेतली. औषध चालू ठेवलेल्यांत सुमारे ५ टक्के लोकांना नवा अटॅक किंवा नवा डाग आला, थांबवलेल्यांत १२ टक्क्यांना. हा सौदा काहींना परवडेल, काहींना नाही. पण तिशीतल्या, गेल्या वर्षी अटॅक येऊन गेलेल्या माणसाला तो लागूच नाही. फिंगोलिमॉड किंवा नॅटॅलिझुमॅब घेणाऱ्यांनी तर प्रवासात गोळ्या संपल्या, सलाइनची तारीख चुकली, तरी लगेच न्यूरॉलॉजिस्टना कळवावं. ही दोन औषधं अचानक थांबली की काही आठवड्यांत आजार पूर्वीपेक्षा जोरानं उसळू शकतो. फिंगोलिमॉडमध्ये खंड पडला असेल तर घरीच पुन्हा सुरू करू नका; पहिल्या गोळीची ती सहा तासांची देखरेख पुन्हा लागू शकते.